चार आवाज, एक फेडर



बचत गटाचं बँकेत खातं एकच असतं, पण गटाच्या वहीत प्रत्येकीचा हिशेब वेगळा असतो. रेडिओच्या मिक्सरवरचा ‘ग्रुप’ अगदी तसाच चालतो.

समजा, आपल्या सामुदायिक रेडिओवर महिला भजनी मंडळ आलंय. चार गाणाऱ्या, त्यांचे चार माइक. पेटी, पखवाज आणि टाळाला तीन. निवेदन करणारीचा एक. असे आठ माइक, आठ चॅनल आणि वर-खाली सरकणाऱ्या आठ दांड्या, म्हणजे फेडर. पखवाज रंगात आला की गाण्याचे शब्द बुडतात. चार फेडर एकदम सारखे उचलणं जमत नाही. एखादा मागे राहतो आणि नेमका हळू आवाजाच्या बाईचा आवाज हरवतो.

म्हणून आधी एकेकीला गायला सांगा. हेडफोनवर ऐकत तिच्या चॅनलचा गेन लावा. मग चौघींना एकत्र गाऊ द्या आणि फेडर असे ठेवा की चौघीही ऐकू येतील. हे आधीच करायचं, कारण ग्रुप सगळ्यांना सारखंच उचलतो. आतली कमी-जास्ती तो भरून काढत नाही.

आता चारही आवाज ग्रुप एकला आणि वाद्यं ग्रुप दोनला द्या. बऱ्याच मिक्सरवर फेडरशेजारी ‘१-२’ असं बटण असतं. ते दाबून पॅन पूर्ण डावीकडे फिरवला की आवाज ग्रुप एकला जातो, उजवीकडे फिरवला की दोनला. दोन्ही ग्रुप मुख्य आउटपुटच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना जोडा. निवेदिकेचा माइक थेट मुख्य आउटपुटला राहू द्या.

ग्रुपमधल्या चॅनलचं थेट मुख्य आउटपुटला जाणारं ‘एल-आर’ बटण मात्र वर असू द्या. नाहीतर तोच आवाज दोन वाटांनी जातो. खात्री करायची तर ग्रुपचा फेडर पूर्ण खाली आणा. तरीही गाणं ऐकू आलं, तर ते बटण दाबलेलं राहिलंय.

बाहेर जाणारा आवाजही असाच वाटता येतो. गाणारीला कानात पेटी जास्त हवी असेल, तर ऑक्झिलरीच्या वाटेने तिच्या हेडफोनला द्या. ती वाट फेडरच्या आधीची ठेवली, तर प्रसारणात काही बदलत नाही. माइक चालू असताना स्टुडिओतला स्पीकर मात्र बंद ठेवा, नाहीतर शिट्टी वाजते.

शेवटी फेडरखाली चिकटपट्टी लावून मराठीत नावं लिहा, म्हणजे पुढच्या पाळीतल्या मैत्रिणीला कुणाला विचारावं लागणार नाही.

तेलंगणातल्या माचनूरच्या ‘संघम रेडिओ’वर २००८पासून गावातल्या महिलाच कार्यक्रम करतात आणि यंत्रंही त्याच हाताळतात. कुणाचा आवाज गावापर्यंत पोचणार, हे फेडरवरचा हात ठरवतो. तो हात आपलाही असू दे.