पाण्याहून हलके, हवेहून जड
(कामगार शिबिरातील भाषण)



एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे आपण शाळेत शिकलो. द्रव तोलायला हेच माप पुरते. लिटरभर डिझेल सुमारे ८३० ग्रॅम भरते, पारा १३ किलो ६०० ग्रॅम. पाणी भरावे लागणाऱ्या बॅटरीत आपले विद्युत विभागातले भाऊ हायड्रोमीटर बुडवतात, तेव्हा हाच हिशेब करतात. चार्ज झालेल्या बॅटरीतले तेजाब पाण्याच्या सुमारे सव्वापट जड असते, बॅटरी उतरली की ते हलके होते.

पेट्रोल पाण्याहून हलके. टँक वॅगनमधून सांडून पेटलेल्या पेट्रोलवर पाण्याचा मारा केला, तर पाणी खाली जाते आणि आग त्यावर तरंगत गटारातून पुढे सरकते. म्हणून तिथे फेस हवा.

वायूच्या बाबतीत मात्र आपली गफलत होते. लिटरभर हवा जेमतेम १.२ ग्रॅम भरते, म्हणजे पाणी तिच्या आठशेपट जड. पाण्याशी तुलना केली तर प्रत्येक वायू हलकाच ठरणार! वायू तोलायचा तो हवेशी. टाकीतला एल.पी.जी. द्रव पाण्याच्या निम्म्या वजनाचा, पण गळून वायू झाला की हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. तो वर उडून जात नाही, पिट लाइनमध्ये साचतो. क्लोरीन अडीचपट जड. अमोनिया हवेहून हलका खरा, पण द्रवरूपात गळला तर त्याचे थंड धुकेही जमिनीलगतच सरपटते.

टपाल बांधवांनी हे रेल्वेचे दुखणे समजू नये. ज्वलनशील द्रव टपालाने पाठवायला बंदी आहे, तरी कोणी महाभाग पार्सलात थिनरची बाटली घालतोच. ती फुटली की तिची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड, थैलीच्या तळाशी बसते. वाकून थैली उपसणाऱ्याच्याच नाकात ती जाते.

भोपाळ आपण विसरलेलो नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथिल आयसोसायनेट सुटले. द्रव पाण्याहून किंचित हलका, वाफ हवेच्या दुप्पट जड. थंडीच्या रात्री ती जमिनीलगत वस्त्यांत आणि रेल्वे स्टेशनात शिरली. ड्यूटीवरचे आपले रेल्वे कर्मचारी त्यात गेले.

आमची मागणी आहे की टँक वॅगनमधला माल हवेहून जड की हलका, हे कागदावर न राहता ट्रॅकमन आणि पॉइंट्समनला त्याच्या भाषेत सांगितले जावे. गळती झाली तर वाऱ्याला आडवे निघून उंचावर जायचे, खड्ड्यात उतरायचे नाही, याचा सराव कामाच्या वेळेत, भरपगारी व्हावा.