पगार, रजा आणि सही
(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



नोकरदारांच्या कायदेशीर हक्कांवर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाने आम्हाला आज्ञा केली. आम्ही वकील नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकून म्हणून लागलो, ते आजतागायत काउंटरवरच आहोत. परंतु लोकांचा पगार रोज आमच्या खिडकीसमोरून जातो, म्हणून हे धाडस करीत आहोत.

प्रथम एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एक मुकादम दर महिन्याला सात-आठ सफाई कामगार बायांना घेऊन आमच्या शाखेत येत असे. सर्वांची पासबुके त्याच्याच पिशवीत. प्रत्येकीच्या खात्यावर किमान वेतनाइतका पगार जमा होई. बाया पैसे काढीत आणि बाहेर पायरीवर त्यातल्या निम्म्या नोटा मुकादमाच्या हातात जात. आम्ही हे पाहत होतो. सही जुळली, आपले काम संपले, असे म्हणून गप्प बसत होतो. एके दिवशी त्यांतील एका बाईने हळूच विचारले, "साहेब, कागदावर माझा पगार किती हाय?" आम्ही आकडा सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मित्रहो, तो आकडा तिला आम्ही कितीतरी आधी सांगायला हवा होता.

हे हक्क आपल्याला कोणी दान दिलेले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४६ साली, बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याची दुरुस्ती झाली. किमान वेतनाचे विधेयकही त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. आम्हा बँकवाल्यांना रजा आणि ओव्हरटाइम लेखी मिळाला, तो १९६६ पासूनच्या द्विपक्षीय करारांमुळे. आमच्यामागे संघटना होती. मॉलमध्ये, कुरिअरच्या गोदामात, खासगी शिकवणीत काम करणाऱ्या आपल्या मुलांमागे ती नाही. म्हणून त्यांना कायदा माहीत असणे अधिक गरजेचे आहे.

आता कायदा पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार सरकारने ठरविलेल्या किमान वेतनापेक्षा कमी पगार देता येत नाही. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाला पाहिजे. नोकरी सोडली किंवा काढून टाकले, तर हिशेब कामाच्या दोन दिवसांत चुकता करावा लागतो. ओव्हरटाइमचा दर नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट आहे. त्याच कामासाठी स्त्रीला पुरुषापेक्षा कमी पगार देता येत नाही. पगाराची चिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे.

दुकाने, हॉटेले, कार्यालये यांच्यासाठी आपल्या राज्याचा दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ आहे. त्यात आठवड्याचे तास ४८ आहेत. वर्षाला ८ किरकोळ रजा आणि ८ पगारी सुट्ट्या आहेत. त्यांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या. वर्षात २४० दिवस काम केले, तर दर २० दिवसांना एक दिवस भरपगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठविता येते. २०२५ च्या दुरुस्तीने मात्र दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १० झाली आणि तीन महिन्यांतील ओव्हरटाइम १२५ तासांवरून १४४ झाला. पूर्वी १० कामगार असलेल्या आस्थापनेला हा कायदा लागू होई, आता २० लागतात. लहान दुकानात काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्यांची रजा या कायद्याच्या आधाराबाहेर गेली. किमान वेतनाचा हक्क मात्र कायम आहे.

दुसरी गोष्ट सहीची. आमच्या वस्तीतील एका पदवीधर मुलाने नोकरी सोडली. नेमणूकपत्र इंग्रजीत होते. त्यात लिहिले होते की, नोकरी सोडल्यावर दोन वर्षे त्याच धंद्यातील दुसऱ्या कंपनीत काम करणार नाही. कंपनीने वकिलाची नोटीस पाठविली. हातात दुसरी नोकरी असताना पोरगा भीतीने चार महिने घरी बसला. आई धुणीभांडी करून घर चालवीत होती.

त्याला भिण्याचे कारण नव्हते. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २७ सांगते की, कोणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडविणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. नोकरीत असताना दुसरीकडे काम करू नये, ही अट चालते. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली गोलिकरी खटल्यात तसा निकाल दिला. परंतु नोकरी सुटल्यावर पोट भरण्याची वाट अडविता येत नाही. अर्थात जुन्या मालकाची गुपिते नव्या मालकाला देण्याची मोकळीक यातून मिळत नाही.

बाँडची गोष्ट वेगळी आहे. अमुक वर्षे नोकरी करीन, नाहीतर अमुक रक्कम भरीन, असा तो करार. विजया बँकेच्या खटल्यात १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे आणि दोन लाख रुपयांचा असा बाँड वैध ठरविला. म्हणजे सगळ्याच अटी पोकळ नसतात. सही करण्यापूर्वी वाचावे, न कळल्यास जाणत्याला विचारावे.

विद्यार्थी मित्रहो, आमचे सांगणे थोडके आहे. नेमणूकपत्राची प्रत घ्या. पगाराच्या चिठ्ठ्या जपा. हजेरीची आणि जादा तासांची नोंद स्वतःच्या वहीत रोज तारखेसह करा. कोऱ्या कागदावर सही करू नका. पासबुक आणि एटीएम कार्ड कोणाच्याही हाती देऊ नका. पगार थकला किंवा कमी मिळाला, तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. परंतु खात्यावर पूर्ण रक्कम जमा दिसते आणि नोटा पायरीवर परत जातात, तेव्हा मालकाचा पुरावा आपणच तयार करून देतो. म्हणून पहिल्याच महिन्यात बोलले पाहिजे, आणि एकट्याने न बोलता सर्वांनी मिळून बोलले पाहिजे.

मंडळाने दर रविवारी विहारात तासभर बसून लोकांची नेमणूकपत्रे आणि पगाराच्या चिठ्ठ्या वाचून द्याव्यात, अशी आमची सूचना आहे. पहिल्या रविवारी आम्ही स्वतः हजर राहू. खिडकीआड बसून जे केले नाही, ते निदान येथे करू.

 जयभीम.