तीस वर्षांचा रस्ता



डांबर की काँक्रीट, हा वाद आपल्याकडे दर पावसाळ्यात रंगतो. एक पक्ष पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचा दाखला देतो. 1976 साली दहा वर्षांच्या हमीवर बांधलेला हा डांबरी रस्ता पुढे कित्येक दशके टिकला. दुसरा पक्ष मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटकडे बोट दाखवतो. दाखले दोन्ही खरे आहेत, पण दाखल्यांनी हिशेब होत नाही.

तो मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यापुरते, भाववाढ वगळून. डांबरी रस्त्याला आज 100 रुपये लागले, आणि दहाव्या व विसाव्या वर्षी नवा थर द्यायला प्रत्येकी 40. काँक्रीटला आज 130, आणि त्याच दोन वर्षी सांधे भरायला 5-5. तीस वर्षांची सरळ बेरीज डांबराची 180, काँक्रीटची 140. काँक्रीट जिंकले? थांबा. दहा वर्षांनी द्यायच्या 40 रुपयांसाठी आज 40 रुपये बाजूला काढावे लागत नाहीत, कारण मधल्या काळात व्याज मिळते. व्याज 5 टक्के धरले तर आजच्या मोलाने डांबर 140, काँक्रीट 135. 12 टक्के धरले तर डांबर 117 आणि काँक्रीट 132! रस्त्यात काडीचा फरक नाही, निकाल मात्र फिरला. म्हणून कोणी ‘काँक्रीट स्वस्त पडते’ म्हणाले, की आधी विचारा, दर कोणता धरलात?

मग विचारा, पाण्याचे काय? डांबरातल्या भेगेत पाणी शिरते, वरून चाकाचा दाब येतो आणि खडीवरचे डांबर सुटत जाते. आधी बारीक खडी मोकळी होते, मग खड्डा पडतो. शेजारचे गटार तुंबलेले असेल, तर दहाव्या वर्षाचा थर चौथ्यातच द्यावा लागेल. काँक्रीटचे दुखणे वेगळे. नळजोडणीसाठी ते फोडले, चर पेव्हर ब्लॉकने बुजवला, की तीस वर्षांचे गणित तिथेच कोलमडते.

आणि वजन? अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून पाहिले. झीज आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असे दिसले. आपल्याकडे 2018 साली चार टायरच्या एकेरी आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन झाली. वजन 13 टक्क्यांनी वाढले. या नियमाने झीज सुमारे 60 टक्क्यांनी वाढते.

सारांश, नुसत्या ‘डांबरी’ किंवा ‘काँक्रीट’ रस्त्याला किंमत नसते. किंमत असते ती अमुक गटाराच्या, अमुक वाहतुकीच्या, अमुक खोदाईच्या रस्त्याला. निविदेत बहुतेकदा फक्त पहिला खर्च दिसतो. तीस वर्षांचा तक्ता, धरलेल्या व्याजदरासकट, निविदेला जोडा, अशी मागणी आपण नगरसेवकाकडे केली पाहिजे. नव्या रस्त्याचा नारळ फुटण्याआधी तो तक्ता वाचायला मागा.