दिंडीतला सोबती

आज दिंडीच्या शंभरीत आम्हांला आमची एक चूक बोलून दाखवायची आहे.

आमचा एक टाळकरी. दोन वर्षं कापूस बुडाला, तेव्हापासून त्याचं बोलणं तुटलं, झोप गेली. सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू होत्या. आम्ही म्हणालो, "अरे, गोळीनं कुठं मन बरं होतं? हरिपाठ कर." आमच्या शब्दाखातर त्यानं गोळ्या सोडल्या. महिन्याच्या आत घरच्यांनी त्याला विहिरीवरून माघारी आणला.

मग गावात एक जण येऊ लागला. तो डॉक्टर नव्हे. हेच दुखणं त्यानं स्वतः भोगलेलं, उपचारानं उठला, अन् शिकून आता दुसऱ्यांच्या घरी जातो. आम्ही त्याला सोबती म्हणतो. वाटलं, हा आम्हांला चार शब्द सुनावणार. तर तो ओट्यावर बसला, चहा घेतला अन् म्हणाला, "महाराज, लोक तुमचं ऐकतात. माझं ऐकायला वर्ष लागंल. आपण दोघं जाऊ."

आम्ही पडलो बोलणारे. पण टाळकऱ्याच्या घरी पहिल्या दिवशी तासभर कोणी बोललं नाही. तिघांनी भुईमुगाच्या शेंगा फोडल्या. शेवटी सोबत्यानं विचारलं, "मरायचा विचार येतो का?" आम्ही दचकलो. असं तोंडावर कोणी विचारतं का! वाटेत तो म्हणाला, विचारल्यानं तो विचार वाढत नाही, उलट माणूस मोकळा होतो. टाळकरी खरंच रडला अन् बोलला.

डॉक्टरांना दाखवून गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पहिले दोन-तीन आठवडे फरक दिसत नाही, तिथंच लोक सोडतात. म्हणून तेव्हा सोबती दिवसाआड यायचा. हरिपाठही चालूच आहे, तो कोणी बंद केला नाही.

आता वारीत टाळकऱ्याला आम्ही जागराला बसवत नाही, झोप मोडली की दुखणं उलटतं. एकादशीला पाणी सोडू देत नाही. आमचे पखवाजी यावर कुरकुरतात, कुरकुरू द्या. तंबूच्या बांबूला १४४१६ हा नंबर लावलाय. सरकारचा टेलिमानस, रात्री-अपरात्री फोन करा, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

मागल्या वारीत वेळापूरच्या मुक्कामी सोबतीच गप्प झाला. जेवला नाही, तंबूत कोपऱ्यात बसला. आम्हांला काही सुचेना. टाळकरी उठला, त्याच्या शेजारी जाऊन बसला अन् आमच्याकडे बघून म्हणाला, "महाराज, कुठं शेंगा मिळतात का बघा."

आम्ही पिशवी घेऊन निघालो.