विलायतेचा बोलका रेडिओ आणि आपली वेळ



आमच्या गटातल्या एका ताईंची लेक इंग्लंडात नर्स आहे. सुट्टीच्या दिवशी ती आईला फोन करते, तेव्हा मागे सारखं कोणीतरी बोलत असतं. एकदा ताईंनी विचारलं, "अगं, घरात पाहुणे आलेत का?" ती हसायलाच लागली. म्हणाली, "पाहुणे कुठले, रेडिओ आहे. इथे दिवसभर नुसतं बोलणारा रेडिओ असतो."

आम्हाला नवल वाटलं. आपणही रेडिओ चालवतो, पण अर्धा तास बोललो की धास्ती वाटते, ऐकणारीला कंटाळा तर आला नसेल? मग घाईनं एखादं गाणं लावतो. आणि हे लोक पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत बोलतात तरी काय? आम्ही तिला म्हटलं, एक दिवस आम्हाला सगळं सांग. तिनं सांगितलं, आम्ही आणखी थोडं शोधून वाचलं. तेच आज तुमच्यापुढे मांडतोय.

या केंद्राचं नाव रेडिओ फोर. बीबीसीचं हे केंद्र 1967 साली या नावानं सुरू झालं. त्याच्यावर जाहिराती नसतात. खर्च लोकांनी भरलेल्या परवाना शुल्कातून चालतो.

दिवस उजाडायच्या आत, साडेपाचच्या सुमाराला, तिथे समुद्राचं हवामान सांगतात. ब्रिटनच्या भोवतालच्या समुद्राचे 31 भाग पाडलेत. एकेका भागाचं नाव घ्यायचं आणि वारा कुठून, किती जोराचा, पाऊस आहे का, लांबचं दिसतं का, एवढंच सांगायचं. एक शब्द जास्तीचा नाही. बोटीवरच्या माणसाला तेवढंच हवं असतं. गंमत म्हणजे ज्यांनी जन्मात बोट पाहिली नाही, तेही हे अंथरुणात पडून ऐकतात.

त्यानंतर पावणेसहाला शेतीचा कार्यक्रम. दुधाचा भाव, जनावरांचे रोग, पावसानं झालेलं नुकसान. शेतकऱ्याची धार काढायची वेळ तीच. सहा ते नऊ बातम्या आणि पुढाऱ्यांना थेट प्रश्न. दुपारी बाराच्या पुढे गिऱ्हाइकांच्या तक्रारी, एक वाजता पुन्हा बातम्या. रात्री पावणेअकराला एखादं पुस्तक थोडं थोडं वाचून दाखवतात. एक वाजायच्या आत पुन्हा समुद्राचं हवामान, राष्ट्रगीत, आणि दिवस संपला.

आता आपल्या कामाचं. सकाळी दहाला तिथे बायकांचा कार्यक्रम लागतो. नाव 'वुमन्स अवर', म्हणजे बायकांचा तास. हा सुरू झाला 7 ऑक्टोबर 1946 ला. महायुद्ध नुकतं संपलेलं, धान्य-कपडा रेशनवर. तेव्हा याची वेळ होती दुपारी दोन. का? तर जेवणं झालेली, भांडी घासून झालेली, पोरं अजून शाळेतून यायची आहेत. बाईला घडीभर टेकायला मिळतं ते तेव्हाच. म्हणजे आधी बाईचा दिवस पाहिला आणि मग कार्यक्रमाची वेळ ठरवली.

पण गंमत ऐका. बायकांच्या या कार्यक्रमाचा पहिला निवेदक होता पुरुष! बायकांनी तक्रारी केल्या की आम्हाला शिकवल्यासारखं बोलू नका. पुढे लवकरच तिथे बाई आली. आणि 1940 च्या दशकातच त्या कार्यक्रमात पाळी जाण्याच्या वयात काय त्रास होतो, यावर उघड बोलणं झालं. बीबीसीतल्या काही मोठ्या साहेबांना ते फार अवघड वाटलं म्हणे. आपल्या केंद्रावर आपण पांढऱ्या पदराबद्दल पहिल्यांदा बोललो, तेव्हा चावडीवर काय झालं होतं, आठवतंय ना?

आवाजाचंही तेच. 1933 साली शीला बोरेट नावाच्या बाईंना बीबीसीनं निवेदनाला बसवलं. श्रोत्यांच्या इतक्या तक्रारी आल्या की काही महिन्यांतच त्यांना बाजूला केलं. तक्रार करणाऱ्यांत बायकाही होत्या. "बायकांचा आवाज रेडिओवर चिरका लागतो" हे आम्हीही ऐकलंय, आणि आमच्याच घरातून ऐकलंय. म्हणून सांगतो, ही अडचण फक्त आपल्या गावची नाही.

आणि एक आपल्या जवळची गोष्ट. महायुद्धाच्या काळात लंडनच्या बीबीसीत वेणू चितळे नावाच्या आपल्या कोल्हापूरकडच्या बाई काम करत होत्या. त्या काळात सकाळच्या बातम्यांनंतर पाच मिनिटं स्वयंपाकाचा कार्यक्रम असे. मोजक्या रेशनात घर कसं भागवायचं, हा विषय. त्यात वेणूताई शाकाहारी स्वयंपाकाबद्दल बोलल्या. मांस मिळेना झालं तेव्हा इंग्रज बायकांना मराठी बाईनं दोन गोष्टी सांगितल्या! आपल्या डाळ-भाजीच्या शहाणपणाला कमी लेखू नका, ते सातासमुद्रापलीकडे कामाला आलंय.

शेवटची गोष्ट जरा सावकाश सांगतो. संध्याकाळी सातच्या बातम्या झाल्या की तिथे एका गावाची मालिका लागते, 'द आर्चर्स'. गाव खोटं, पण माणसं खरी वाटावीत अशी. 1 जानेवारी 1951 पासून ही देशभर ऐकवली जाते आणि आजही चालू आहे. युद्धानंतर अन्न कमी होतं. शेतकऱ्यांना नव्या पद्धती सांगायच्या होत्या. कोरडं भाषण कोण ऐकणार? म्हणून गोष्टीतून सांगायचं ठरलं. भाग तेरा-चौदा मिनिटांचा, आणि तोच दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा.

या मालिकेत हेलन नावाची बाई आहे. तिचा नवरा रॉब. तो चारचौघांत फार गोड. घरात मात्र तिनं काय घालायचं, कोणाला भेटायचं, हे तो ठरवणार. तिच्या मैत्रिणी हळूहळू तोडल्या. तिलाच म्हणायचा, तुझं डोकं ठिकाणावर नाही. हे दोन-तीन वर्षं, रोज थोडं थोडं, लोकांनी ऐकलं. 2016 साली गोष्ट टोकाला गेली, तिच्या हातून त्याच्यावर वार झाला, खटला चालला, ती सुटली. त्याच सुमाराला, 2015 च्या डिसेंबरात, जोडीदाराला असं मुठीत ठेवणं हा तिथे कायद्यानं गुन्हा ठरला होता. हेलनची गोष्ट ऐकून एका श्रोत्यानं पीडित बायकांसाठी वर्गणी सुरू केली. एक लाख पौंडांहून जास्त जमले. खोट्या गावातल्या खोट्या बाईसाठी नव्हे, खऱ्या बायकांसाठी.

ही गोष्ट आम्ही गटाच्या बैठकीत सांगितली. सगळ्या गप्प. मग एक जण, जी कधी बोलत नाही ती, हळूच म्हणाली, "पण मारत नाही ना तो. मग त्याला काय म्हणायचं?" त्या दिवशी हप्त्याचा हिशोब मागे राहिला. तिला आम्ही सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. आपल्याकडे 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे. त्यात नुसती मारहाण येत नाही. टाकून बोलणं, मन मारणं, पैसा अडवून ठेवणं, हीसुद्धा हिंसा धरली आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. 181 हा महिलांसाठीचा फोन आहे. हा नंबर पाठ करून ठेवा, लिहून ठेवायला जागा नसेल तरी.

बैठकीनंतर आमच्या मनात एकच विचार आला. हे ती रेडिओवरून ऐकू शकली असती का? नसती. कारण आपला हा कार्यक्रम लागतो सकाळी अकराला. अकराला ती खुरपायला गेलेली असते, रेडिओ घरी. घरी उरतात सासरे. ही वेळ ठरवली कोणी? आम्हीच. आम्हाला रेकॉर्डिंगला सोयीची म्हणून. दोन वर्षं आम्ही बायकांसाठी बोलत होतो आणि बायका शेतात होत्या. चूक आमची आहे, आणि ती आम्ही कबूल करतो.

म्हणून येत्या सोमवारपासून हा कार्यक्रम रात्री साडेआठला लागेल, भांडी आवरल्यावर. तोच दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला पुन्हा, बांधावर भाकरी सोडता तेव्हा मोबाइलवर ऐका. हीही वेळ चुकत असेल तर सांगा. केंद्रावर या, नाही जमलं तर गटाच्या बैठकीत निरोप द्या. आम्ही पुन्हा बदलू.

आणि हो, ती न बोलणारी बाई आता आमच्यासोबत रेकॉर्डिंगला येते. अजून माइकसमोर बसत नाही. बाजूला बसून ऐकते. आम्ही घाई करत नाही.