तबकडीसाठी घरी बांधलेला व्हॉल्व्ह-वर्धक

आंजी मोठीसारख्या गावात एखाद्या घराच्या माळ्यावर, नाही तर शाळेच्या लोखंडी कपाटात, जुन्या ध्वनिमुद्रिका अजूनही निघतात. यंत्र बिघडले, दुरुस्त करणारा मिळेना, म्हणून त्या कधीकाळी बांधून ठेवलेल्या असतात. पुढे दिवाळीच्या साफसफाईत त्या भंगारवाल्याच्या तराजूत जातात. त्या पुन्हा वाजत्या कशा करता येतील, ते आज पाहू.

आधी तबकडीची जात ओळखा. जड, पडताच फुटणारी, मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती लाखेची. हलकी आणि थोडी लवणारी, ३३⅓ किंवा ४५ फेऱ्यांची ती व्हिनाइलची. ही व्हिनाइलची तबकडी चावीच्या ग्रामोफोनवर कधीही लावू नका. पोलादी सुई तिची खाच खरवडून काढते, आणि गेलेला आवाज परत येत नाही. एच.एम.व्ही.च्या एल.पी.चा क्रमांक ईएएलपी किंवा ईसीएलपी या अक्षरांनी सुरू होत असेल तर ती बहुधा मोनो. ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टीरिओ. आज आपण मोनोपुरतेच बोलू.

आता मुद्द्याची गोष्ट. खाचेत आवाज जसाच्या तसा कोरलेला नसतो. पखवाजाचा खर्ज पुऱ्या ताकदीने कोरला तर खाच इतके हेलकावे घेईल की ती शेजारणीत घुसेल. म्हणून कोरताना खर्ज दाबतात. उलट झांजेसारखा बारीक स्वर उचलून कोरतात, म्हणजे वाजवताना तो खाली आणला की त्याच्याबरोबर तबकडीची खसखसही खाली जाते. किती दाबावे, किती उचलावे, याचा पूर्वी प्रत्येक कंपनीचा वेगळा हिशेब असे. १९५४ साली अमेरिकेत आर.आय.ए.ए.चे प्रमाण ठरले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. त्या प्रमाणाने, सेकंदाला १००० कंपनांच्या स्वराशी तुलना करता, २० कंपनांचा खर्ज सुमारे दहापट दाबलेला असतो आणि २०,००० कंपनांचा स्वर जवळजवळ तितकाच उचललेला. शाळेच्या लाऊडस्पीकरच्या माइकच्या सॉकेटात ज्यांनी पिकअप जोडून पाहिला असेल, त्यांनी तो किरटा, पत्र्यासारखा आवाज ऐकलाच असेल. त्यात दोष गवयाचा नाही; दाबलेला खर्ज वर आणणारे कोणी मध्ये नव्हते, एवढेच. ते काम पूर्ववर्धकाचे, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत प्रीॲम्पचे. शिवाय चुंबकी पिकअपचे जेमतेम ५ मिलिव्होल्ट त्याला सुमारे दीडशे पट वाढवावे लागतात. पिकअप क्रिस्टलचा असेल तर मात्र हा खटाटोप नको. त्याचा आवाज मुळातच मोठा असतो.

मोनोला एकच व्हॉल्व्ह पुरतो: ईसीसी ८३. एका काचेत दोन ट्रायोड. नवे व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये आजही तयार होतात. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. दोन्ही ॲनोडांना १०० किलोओहमचा रोध, दोन्ही कॅथोडांना दीड किलोओहमचा. पहिल्या कॅथोडच्या रोधाला समांतर २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. दुसऱ्याला तो देऊ नका. पहिल्या ग्रिडपासून अर्थकडे ४७ किलोओहम. पहिल्या ॲनोडकडून ०.१ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा कंडेन्सर, त्यापुढे २२० किलोओहम, आणि मग दुसरे ग्रिड. या ग्रिडपासून अर्थकडे तीन वाटा काढा. एकीत १ मेगओहम. दुसरीत ३० किलोओहम, आणि त्याच्या पुढे ०.०१ मायक्रोफॅरड व ६८० पिकोफॅरड एकमेकांना समांतर. तिसरीत ३३०० व २२० पिकोफॅरड समांतर. खर्ज-तार स्वरांचा सगळा हिशेब या तीन वाटांत आहे. इथे रोध-कंडेन्सर मोजून घ्या, अंदाजाने नको. दुसऱ्या ॲनोडकडून बाहेर जाताना पुन्हा ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर हवाच, नाही तर पुढच्या यंत्रात उच्च दाब शिरेल. त्याच्या पलीकडून अर्थकडे १ मेगओहम. बाहेरची वायर हातभरच ठेवा. पुढचा ॲम्प्लिफायर आजचा ट्रान्झिस्टरचा असेल तर मध्ये आणखी एक टप्पा, कॅथोड-फॉलोअरचा, लागेल.

पिकअप आज बहुधा स्टीरिओच मिळतो. त्याच्या लाल व पांढऱ्या तारा एकत्र करा, हिरवी व निळी एकत्र करा. मोनोची खाच फक्त आडवी हलते. धूळ आणि ओरखडे सुईला वरखालीही हलवतात. तारा जोडल्या की ती वरखालीची खरखर आपोआप कटते.

घुमणारा आवाज ही व्हॉल्व्हची जुनी खोड. यावर खेड्यात एक सोय शहरापेक्षा सोपी आहे. ईसीसी ८३ च्या फिलामेंटला १२.६ व्होल्ट आणि अवघा ०.१५ अँपिअर लागतो. ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी नेमका तेवढाच दाब देते, आणि तिच्यात घुमणे नाही.

ॲनोडचे २५० व्होल्ट मात्र जीव घेऊ शकतात. ट्रान्सफॉर्मरशिवाय मेनची वीज कधीही थेट घेऊ नका. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरात दाब राहतो. त्यावर २२० किलोओहम, २ वॅटचा रोध कायम जोडून ठेवा आणि मीटरने शून्य पाहिल्याशिवाय आत हात घालू नका. शिक्षकांनी मुलांकडून डाख देण्याचा सराव जरूर करवून घ्यावा, पण उच्च दाबाचा भाग जाणत्या रेडिओ-मिस्त्रीच्याच हातून जोडून घ्यावा.

कुणी विचारेल, चिपने हेच काम स्वस्तात होते, मग व्हॉल्व्ह कशाला? खरे आहे. व्हॉल्व्हचा आवाज गोड असतो, यावर मी वाद घालणार नाही. पण यातला प्रत्येक टप्पा डोळ्यांना दिसतो, मीटरला सापडतो, आणि बिघडला तर गावातच दुरुस्त होतो.

एक अपवाद सांगितला पाहिजे. गांधीजी सेवाग्रामला येण्याच्या आधी, १९३१ साली, लंडनमध्ये कोलंबिया कंपनीने त्यांचा आवाज तबकडीवर घेतला. तशी ७८ ची तबकडी १९५४ च्या मापाने वाजवली तर आवाज बोदा येईल. तिला जाड सुई आणि वेगळा हिशेब लागतो.

जोडणी झाली की मीटर लावा. २५० व्होल्टवर ॲनोडला साधारण १५० ते १७५ व्होल्ट आणि कॅथोडला सव्वा व्होल्टाच्या आसपास दिसले पाहिजेत. कॅथोडवर शून्य आले तर वीज बंद करून डाख तपासा. आणि पहिल्या वेळी घरातली सर्वांत ओरखडलेली तबकडीच लावा.