पडल्याची वर्दी आणि उचलणारे हात

(पुण्यात ज्येष्ठ नागरिकांच्या एका सभेत केलेल्या भाषणाचा मुख्य भाग)



माणूस पडला की मनगटावरचे घड्याळ आपण होऊन वर्दी देते, ही वार्ता आपल्यापैकी अनेकांच्या घरी परदेशातील मुलांकडून आली असेल. काहींच्या घरी ते घड्याळही आले असेल. ह्या यंत्राची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. तथापि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात जे प्रश्न दिसतात, ते आपल्यापुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

यंत्राचे काम तसे समजण्यासारखे आहे. त्यात गतीतील बदल आणि शरीराचे वळणे मोजणारे सूक्ष्म संवेदक असतात. कोसळताना क्षणभर आधार सुटतो, मग आघात बसतो, आणि नंतर हालचाल थांबते. हा क्रम ओळखून घड्याळ आपली विचारपूस करते व उत्तर न आल्यास ठरलेल्या ठिकाणी मदत मागते. अ‍ॅपल कंपनीने २०१८ साली ही सोय आपल्या घड्याळात आणली. यंत्र कधी फसते: हात जोराने आपटला तरी ते घाबरते, आणि भिंतीला धरून हळूहळू घसरलेल्या माणसाची त्याला दाद लागत नाही. शिवाय स्नानाला जाताना आपण घड्याळ काढून ठेवतो, आणि घसरण्याची जागा नेमकी तीच!

प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडण्यामुळे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात, आणि त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असतात. पडण्याइतकेच पडून राहणेही घातक असते. तासन्‌तास जमिनीवर राहिलेल्या वृद्धाच्या शरीरातील पाणी कमी होते, स्नायूंना इजा होते, फुप्फुसांना संसर्ग होतो. म्हणून लवकर वर्दी मिळणे मोलाचे आहे, हे निर्विवाद.

परंतु वर्दी म्हणजे मदत नव्हे. इंग्लंडमधील केंब्रिज येथे नव्वदीपुढील वृद्धांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. एकटे असताना पडून उठू न शकलेल्या आणि मदतीची घंटा जवळ असलेल्या वृद्धांपैकी सुमारे ८० टक्के लोकांनी ती वाजवलीच नाही, असे तीत आढळले. नवे घड्याळ ही घंटा स्वतः वाजवील. पण ती ऐकून येणार कोण? सदाशिव पेठेतल्या आजोबांची वर्दी कॅलिफोर्नियात पोहोचते, तिथून फोन शेजाऱ्याला येतो, आणि अखेरीस उचलायला येते ती घरकाम करणारी बाई. तिच्या पगारात ह्या कामाचा हिशेब कोठेच नसतो. यंत्राची किंमत पावतीवर छापलेली असते; ज्या श्रमावाचून ते व्यर्थ आहे, त्या श्रमाला किंमत नाही. बाजाराने केलेली ही जुनीच लबाडी आहे.

आणि ती बाई स्वतः म्हातारी झाल्यावर पडली तर? आयुष्यभर पोती वाहून गुडघे झिजलेला हमाल लोहियानगरातल्या अरुंद जिन्यावरून घसरला तर? राज्यातील निराधार वृद्धांचे मासिक अनुदान २०२३ साली १,५०० रुपये करण्यात आले. त्यातून औषध घ्यावे, भाकरी खावी की घड्याळ? असंघटित कष्टकऱ्यांना किमान वेतनाच्या निम्मे तरी निवृत्तिवेतन मिळावे, ही मागणी २०१२ साली बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषदेने मांडली होती. पडण्याचा प्रश्न त्या मागणीपासून वेगळा काढता येत नाही.

२०२४ साली सत्तरीपुढील सर्वांना पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण केंद्र सरकारने जाहीर केले. त्याचे स्वागतच करावे. पण ते मोडलेल्या हाडासाठी रुग्णालयात दाखल झाल्यावरचे संरक्षण आहे. न्हाणीघराच्या भिंतीला लावायचा दांडा, जिन्यावरचा दिवा, सपाट पदपथ यांना त्या तुलनेत नगण्य खर्च येतो. तरीही हाड मोडेपर्यंत वाट पाहणे हेच आपले नियोजन होऊन बसले आहे.

म्हणून मित्रहो, आपल्या संघांनी महानगरपालिकेकडे चार गोष्टी मागाव्यात. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची प्रभागवार नोंद व्हावी. गरजूंना ही यंत्रे दवाखान्यांतून वापरायला मिळावीत. आपल्या हालचालींची नोंद आपल्या संमतीवाचून कोणत्याही कंपनीच्या हाती पडू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हाकेला धावून जाणारी प्रशिक्षित माणसे प्रत्येक प्रभागात रात्रंदिवस, योग्य वेतनावर नेमावीत; हे ओझे आशाताईंच्या तुटपुंज्या मानधनावर लादू नये.

ज्याला परवडते त्याने घड्याळ अवश्य बांधावे. मात्र ते बांधल्याने आपली सामुदायिक जबाबदारी संपली, असे कोणी मानू नये. जमिनीवर पडलेल्या माणसाला उठवायला शेवटी माणूसच लागतो, आणि तो वेळेवर पोहोचेल अशी व्यवस्था उभी करणे हे लोकशाही शासनाचे कर्तव्य आहे.